टॅब्लेट आत्ता घ्यायचा का पुढच्याची वाट बघायची? साइज, वजन आणि बॉडी शेजारी शेजारी ठेवून

नवीन टॅब्लेटच्या बातम्या सुरू झाल्या की पहिला आकडा येतो जाडीचा. अमुक मॉडेल आता इतके मिलिमीटर, तमुक त्याहून पातळ, आणि मग ज्याला खरंच टॅब्लेट घ्यायचाय तो माणूस अडकतो, की आत्ता घेतला आणि सहा महिन्यांत पातळ आला तर? माझ्या भावाचं हेच झालं, त्याला मोठ्या स्क्रीनचा हवा होता, वहिनीला छोटा, आणि दोघंही बातम्या वाचून वाचून थांबलेले. त्यांच्यासाठी मी जे सगळं जमवलं तेच इथे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, जाडी बघून थांबू नका. हाताला लागतं ते वजन आणि डोळ्याला लागतो तो स्क्रीनचा आकार, मिलिमीटर कव्हर लावलं की संपले.

आधी अंदाजांबद्दल. २०१० साली पहिला आयपॅड आला तेव्हा तो ९.७ इंची, १३.४ मिमी जाड आणि ६८० ग्रॅमचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्सने ठणकावून सांगितलं होतं की ७ इंची टॅब्लेट चालणारच नाहीत, स्क्रीन फार छोटी पडते. आणि बरोबर दोन वर्षांनी २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीने ७.९ इंची आयपॅड मिनी दाखवला, ३०८ ग्रॅमचा. आता यात कंपनी शब्द फिरली असं सगळे म्हणतात, पण स्केल घेऊन बसलात तर वेगळंच दिसतं. ७ इंची रुंद स्क्रीनचं क्षेत्रफळ ९.७ इंची आयपॅडच्या निम्म्याहूनही कमी भरतं, आणि ७.९ इंची पण ४:३ आकाराची (लांबी ४ तर रुंदी ३) स्क्रीन घेतली तर तेच दोन तृतीयांश होतं. इंच एकाचाही फरक नाही आणि जागेत एवढा फरक. म्हणून कोणीही सांगितलं की पुढचा टॅब ११.५ इंची येणार, तर लगेच विचारायचं, कुठल्या आकाराचा? इंच मोजतात ते कोपऱ्यातून कोपऱ्यात, त्यामुळे लांबुळक्या स्क्रीनला आकडा मोठा मिळतो आणि जागा कमी मिळते. तोच १० इंच ४:३ मध्ये ४८ चौरस इंच देतो, १६:१० मध्ये ४५ आणि १६:९ मध्ये जेमतेम ४३.

सिनेमे बघायचे असतील तर अर्थात लांबुळकी चांगली, काळ्या पट्ट्या कमी दिसतात. पण टॅब्लेट घेणारे बरेच लोक पीडीएफ वाचायला घेतात, अभ्यासाचे, ऑफिसचे, संगीताच्या नोटेशनचे कागद, सगळे ए-फोर. मग मी हिशेब त्यावरच केला, की ए-फोरचं एक अख्खं पान उभ्या स्क्रीनवर मावलं पाहिजे, तर ते मूळ कागदाच्या किती टक्के दिसेल. ८.३ इंची आयपॅड मिनीवर साधारण ५५ टक्के. म्हणजे कागदावरचं १२ पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटचं झालं, औषधाच्या बाटलीवर असतं तसं. ११ इंची आयपॅड प्रोवर साधारण ७६ टक्के, तेच अक्षर ९ पॉइंट, वर्तमानपत्रासारखं, वाचता येतं. १३ इंची आयपॅडवर ८९ टक्के. आणि सॅमसंगचा १४.६ इंची गॅलेक्सी टॅब अल्ट्रा घेतला तर ९४ टक्के. आता हे बघा, १३ वरून १४.६ वर गेलात, स्क्रीनचं क्षेत्रफळ ८१ वरून ९६ चौरस इंच झालं, पण पान फक्त पाच टक्क्यांनी मोठं झालं, कारण उभा धरल्यावर दोन्ही स्क्रीन जवळपास सारख्याच रुंद आहेत, अल्ट्रा नुसता उंच आहे. आडवा धरून दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडायच्या असतील, एका बाजूला व्हिडिओ आणि एका बाजूला वही, तर मात्र अल्ट्राची ती जास्तीची लांबी खरंच कामाला येते. पण वाचणाऱ्यासाठी १३ इंच ४:३ हीच पुरेशी पायरी आहे.

आता वजन. यात जाडीवाल्या बातम्या कशा चकवतात ते २०१२ च्या आयपॅडवरून कळतं. २०११ चा आयपॅड २ होता ८.८ मिमी आणि ६०१ ग्रॅम. पुढच्या वर्षी स्क्रीन एकदम बारीक पिक्सेलची केली, तिला वीज जास्त लागायला लागली, म्हणून बॅटरी २५ वॉट-अवरवरून ४२.५ वर न्यावी लागली, आणि तिसरा आयपॅड झाला ९.४ मिमी आणि ६५२ ग्रॅम. म्हणजे नवीन मॉडेल जुन्यापेक्षा जाडही आणि जडही. तेव्हापासून माझा नियम आहे की पुढच्या मॉडेलच्या जाडीचा अंदाज ऐकला की आधी स्क्रीन कुठली येतेय ते बघायचं, कारण टॅब्लेटच्या आत सगळ्यात जास्त जागा बॅटरी खाते आणि बॅटरी किती लागणार ते स्क्रीन ठरवते. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये ओएलईडी आली, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतःच उजळणारी स्क्रीन, मागे एलईडी बॅकलाइटचा वेगळा थर लागत नाही, आणि १३ इंची मॉडेल ५.१ मिमी आणि ५७९ ग्रॅमवर आलं, आधीचं १२.९ इंची ६८० च्या पुढे होतं. हा शंभर ग्रॅमचा फरक मी नक्की मोजीन. पण त्याच वर्षीचा १३ इंची आयपॅड एअर ६.१ मिमी आणि ६१७ ग्रॅमचा आहे. प्रो आणि एअरमध्ये जाडीचा फरक पूर्ण १ मिमी, वाचायला केवढा मोठा वाटतो, आणि वजनाचा फरक ३८ ग्रॅम. ओएलईडीचा खोल काळा रंग हवा असेल तर प्रो घ्या, हलका म्हणून घेऊ नका. सॅमसंगचंही तसंच, १४.६ इंची अल्ट्रा २०२२ मध्ये ५.५ मिमी आणि ७२६ ग्रॅम होता, २०२५ चा ५.१ मिमी आणि ६९२ ग्रॅम. तीन वर्षं थांबून ३४ ग्रॅम. किबोर्डचं कव्हर लावलं की हे सगळे टॅब्लेट जवळपास दुप्पट जड होतात, मग कसले ३४ ग्रॅम?

भाऊ आकड्यांनी ऐकेना, म्हणून आम्ही पुठ्ठा कापला. हे तुम्हीही करा, खरंच सांगतो, कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा जास्त कळतं. अल्ट्राच्या मापाचा ३२६ बाय २०८ मिमीचा एक तुकडा, १३ इंची आयपॅडच्या मापाचा २८२ बाय २१५ चा दुसरा, आणि वहिनीसाठी मिनीचा १९५ बाय १३५. मग वजनकाट्यावर ठेवून मागे जुन्या डायऱ्या आणि मासिकं चिकटपट्टीने लावत गेलो, काटा बरोबर ६९२, ५७९ आणि २९३ दाखवेपर्यंत. दोन्ही हातांत धरला तर अल्ट्रावाला पुठ्ठा काहीच वाटत नाही. पण एका हातात, एका कडेला धरून, दुसऱ्या हाताने पान उलटायचं नाटक करायला लागलात की चार-पाच मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो, कारण वजन नुसतं जास्त नाही, ते हातापासून लांब आहे. आडवा धरला की मधला भाग तुमच्या बोटांपासून १६ सेंटीमीटरवर जातो. मिनीवाला पुठ्ठा वहिनीने धरला आणि ती बोलत बोलत स्वयंपाकघरात गेली, तो हातातच होता, तिच्या लक्षातही नव्हतं. अजून एक झालं, ५७९ वाल्या पुठ्ठ्यावर मी गुपचूप ३८ ग्रॅमची भर घालून एअर करून टाकला आणि परत दिला, तर कोणालाच ओळखता आला नाही.

पातळपणाची किंमत मोजावी लागते ती ताठपणात. एकाच धातूचा पत्रा निम्मा पातळ केला की त्याचा वाकण्याला विरोध निम्मा होत नाही, एक अष्टमांश होतो. टॅब्लेट म्हणजे काही सपाट पत्रा नाही, आत कप्पे असतात, पण दिशा तीच. २०१८ चा ५.९ मिमीचा आयपॅड प्रो आला तेव्हा काही लोकांना तो खोक्यातूनच किंचित वाकलेला मिळाला आणि अ‍ॅपलने तेव्हा ४०० मायक्रॉनपर्यंतचा फरक चालतो असं सांगितलं होतं, म्हणजे ०.४ मिमी. २०२४ च्या ५.१ मिमीवाल्यात आत मधोमध धातूचं आवरण कण्यासारखं ठेवून ताठपणा वाढवला. म्हणजे पातळ करता येतं, पण त्यासाठी आतली रचनाच बदलावी लागते. आणि याच्या खाली फार जायला जागा पण नाही, यूएसबी-सीच्या सॉकेटचं नुसतं तोंडच अडीच मिमीचं आहे, त्याच्या वर काच आणि खाली पत्रा धरला तर साडेतीन-चार मिमीला भिंत लागते. म्हणून मी म्हणतो पातळपणाची शर्यत जवळपास संपलीय, तिच्यासाठी थांबण्यात काही अर्थ नाही.

आता बॉडी कशाची, हा विषय माझ्या आवडीचा, आणि इथे बातम्यांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ असतो. एका घन सेंटीमीटरला अ‍ॅल्युमिनियम २.७ ग्रॅम, काच साधारण २.५, मॅग्नेशियम १.७, पॉलिकार्बोनेट प्लास्टिक १.२ आणि टायटॅनियम ४.५. हा क्रम लक्षात ठेवला तर निम्म्या अफवा तिथेच तपासता येतात.

प्लास्टिकला लोक स्वस्तातलं समजून नाक मुरडतात, मला ते पटत नाही. सोनीचा २०१५ चा एक्सपीरिया झेड फोर टॅब्लेट बघा, १०.१ इंची, मागे प्लास्टिक, ६.१ मिमी आणि साधारण ३९० ग्रॅम, शिवाय पाण्यापासून संरक्षण असलेला. त्याच सुमाराचा आयपॅड एअर २ पण ६.१ मिमीच, अ‍ॅल्युमिनियमचा, ९.७ इंची आणि ४३७ ग्रॅम. जाडी तीच आणि हातात ४५ ग्रॅमचा फरक. शिवाय प्लास्टिक पडलं तर दबून परत येतं. माझा अ‍ॅल्युमिनियमचा एक टॅब टेबलावरून कोपऱ्यावर पडला होता, कोपरा जेमतेम दीड मिलिमीटर आत गेला असेल, पण दबलेला धातू तसाच राहतो आणि तो काचेला आतून रेटत राहतो, आठवड्याभराने त्याच कोपऱ्यातून केसासारखी एक रेघ निघाली आणि हळूहळू स्क्रीनच्या मध्यापर्यंत गेली. लहान मुलांच्या हातात द्यायचा असेल तर माझं मत सरळ प्लास्टिक. त्यातून रेडिओ लहरी आरपार जातात, अँटेनासाठी वेगळी पट्टी लागत नाही, आणि वायरलेस चार्जिंगही होऊ शकतं, गूगलच्या २०१३ च्या नेक्सस ७ मध्ये होतंच, ८.६५ मिमी आणि २९० ग्रॅमच्या टॅबमध्ये. खोट एकच पण मोठी आहे, प्लास्टिक उष्णता बाहेर सोडत नाही. हाताला गार लागतं पण आतली चिप तापून मंद होते, त्यामुळे जड गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याने प्लास्टिकच्या नादी लागू नये.

अ‍ॅल्युमिनियम उष्णता झटकन पसरवतं, म्हणून चार्जिंगला लावून काम करताना मागे कोमट लागतं, ते चांगलंच लक्षण आहे, आतली उष्णता बाहेर येतेय. मॅग्नेशियम कागदावर फार सुंदर दिसतं, मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या पहिल्या सरफेसपासून तेच वापरलं, पण २०२१ च्या सरफेस प्रो ८ ला तेही अ‍ॅल्युमिनियमवर आले. मॅग्नेशियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा हलकं तसंच लवचिकही जास्त, म्हणून भिंत जाड ठेवावी लागते, आणि वरचा लेप खरवडला गेला की ते हवेने, घामाने पटकन गंजतं. सरफेस प्रो ७ होता ७७५ ग्रॅमच्या आसपास आणि ८ झाला ८९१, अर्थात स्क्रीन पण १२.३ वरून १३ इंच झाली, सगळा दोष धातूचा नाही.

टायटॅनियमच्या टॅब्लेटची चर्चा अधूनमधून येते, फोनमध्ये आलं म्हणून टॅबमध्ये येईल अशी. मला नाही वाटत. फोनला नुसती कडेची पट्टी असते, टॅब्लेटला अख्खी पाठ. टायटॅनियम अ‍ॅल्युमिनियमच्या दीडपटीहून जड, आणि फोनमध्ये वापरतात ते मिश्रधातू उष्णता नेण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या विसाव्या भागाएवढे पण नाहीत. आणि फोनमध्येच काय झालं ते बघा ना, २०२३ च्या आयफोन १५ प्रोमध्ये टायटॅनियम आलं आणि २०२५ च्या १७ प्रोमध्ये अ‍ॅपल परत अ‍ॅल्युमिनियमकडे गेलं. काचेच्या पाठीचंही असंच. २०२१ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेची बातमी होती की वायरलेस चार्जिंगसाठी काचेची पाठ असलेला आयपॅड प्रो तपासला जातोय, लोक थांबले, आणि २०२४ ला आला तो अ‍ॅल्युमिनियमचाच. एवढी मोठी काचेची पाठ म्हणजे पडल्यावर फुटायला दोन बाजू, मला ती कल्पना कधीच आवडली नव्हती. त्यामुळे पुढची काही वर्षं वरच्या किमतीत अ‍ॅल्युमिनियम आणि खालच्या किमतीत प्लास्टिक, हाच माझा अंदाज आहे. मॅट काच, कागदासारखा पृष्ठभाग वगैरे वाढत जाईल, ते बघायला दुकानात जाऊन स्वतःच्या चष्म्याने बघावं, दिव्याखाली.

घडीचे टॅब्लेट हा वेगळाच प्राणी. हुआवेचा तीन घड्यांचा मेट एक्सटी २०२४ मध्ये आला, उघडला की १०.२ इंच आणि वजन २९८ ग्रॅम. २०२५ च्या डिसेंबरमध्ये सॅमसंगचा ट्रायफोल्ड, १० इंच, ३०९ ग्रॅम. जरा विचार करा, आयपॅड मिनीच्या वजनात दहा इंची स्क्रीन, आणि घडी केली की खिशात. ही गोष्ट साध्या टॅब्लेटला कधीच जमणार नाही. पण घडीच्या स्क्रीनचा वरचा थर मऊ असतो, नखाने पण चरा पडू शकतो, आणि घडीची रेघ तिरप्या उजेडात दिसतेच. पेनने रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याने तरी हा नको. मोठ्या घडीचं चित्र आणखी वेगळं, हुआवेचा १८ इंची मेटबुक फोल्ड २०२५ मध्ये आला तो साधारण १.१६ किलोचा, आणि अ‍ॅपलच्या १८ इंची घडीच्या आयपॅडबद्दल ब्लूमबर्गच्या बातम्या सांगतात की नमुने साधारण साडेतीन पाउंडांचे आहेत, म्हणजे १.६ किलो, बाहेरून अ‍ॅल्युमिनियम, आणि तारीख आधी २०२८ म्हणत होते ती २०२९ कडे सरकलीय. १.६ किलो म्हणजे तो टेबलावरच राहणार, त्याची तुलना लॅपटॉपशी करा, टॅब्लेटशी नको.

मग थांबायचं कोणी? माझ्या मते फक्त एकाच गटाने, ज्यांना ८ इंची हवाय. कारण मोठे टॅब्लेट ओएलईडीपर्यंत पोचले, सॅमसंगच्या २०२३ च्या टॅब एस ९ पासून आयपी ६८ चं पाण्याचं संरक्षणही आलं, आणि छोट्यांमध्ये मात्र २०२४ चा आयपॅड मिनी पण जुन्या, मागून उजेड लागणाऱ्या एलसीडीवरच आहे. मिनीत ओएलईडी आणि पाण्यापासून संरक्षण येणार ही चर्चा जोरात आहे, किंमत वाढेल असंही म्हणतात. रात्री अंधारात वाचणाऱ्याला, स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये नेणाऱ्याला या दोन्ही गोष्टी रोज जाणवतील. ११ इंचीवाल्याने थांबू नये, २०२५ चा ११ इंची टॅब एस ११ ४६९ ग्रॅमचा, आयपॅड प्रो ४४४ चा, एअर ४६२ चा, सगळे पंचवीस ग्रॅमच्या आत येऊन बसलेत, आणि एवढ्या सगळ्या कंपन्या एकाच ठिकाणी येऊन थांबल्या की पुढच्या वर्षी मोठी उडी होत नसते. १३ आणि १४.६ वाल्यांनी जाडी विसरून आपण उभं वाचतो का आडवं काम करतो ते ठरवावं.

वहिनी थांबलीय, तिचा पुठ्ठा अजून फ्रिजवर आहे. भावाने दोन रात्री अल्ट्रावाला पुठ्ठा पलंगावर घेऊन बघितला, तिसऱ्या दिवशी तो १३ इंचीवाला उचलून त्यावर पेनाने रेघा मारत बसला होता, शनिवारी जाऊन एअर घेऊन आला.